फक्त वेदिकाच्या हातात बंद पडणारी गाडी

माझ्या नवऱ्याला, म्हणजे रत्नाकर सोवनींना, कुठलीही नवी वस्तू दाखवा. ती काय काम करते हे ते विचारणार नाहीत, ती कुठून मोडेल हे सांगतील. मिक्सर आणला तर झाकणाची कडी, पंखा लावला तर वरचा हूक, शेजाऱ्यांनी हौसेनं झोपाळा टांगला तर त्याची साखळी. लोकांना वाटतं माणूस कुरकुऱ्या आहे. तसं नाही, त्यांचं कामच तसं होतं. सांगलीहून इंजिनिअर होऊन ते बंगळुरूला आले, जालहळ्ळीकडच्या एका सरकारी कारखान्यात चाचणी विभागात लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. त्या विभागात चांगलं चालतं यंत्र आणायचं, भट्टीत तापवायचं, मग गारठवायचं, मिठाच्या पाण्याच्या फवाऱ्यात ठेवायचं, थरथरत्या टेबलाला बांधून हलवायचं, आणि ते बंद पडलं की का पडलं हे शोधायचं. जन्मभर हेच केलेल्या माणसाला धडधाकट वस्तू दिसेनाशीच होते.

आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना ह्यांची नजर वर, मांडवाच्या छताकडे लागली होती. मला वाटलं लाजतायत. पुढे कधीतरी विचारलं तर म्हणाले, "वायरीचा जोड उघडा होता." तेव्हा मी हसले होते. आता इतकी वर्षं संसार केल्यावर सांगते, ह्या माणसाला प्रेम दाखवायची दुसरी रीतच येत नाही. आपण घराबाहेर पडताना ते आपल्या स्कूटरच्या टायरला अंगठ्यानं दाबून बघतात, तेच त्यांचं "लवकर ये."

आमची एकुलती एक मुलगी वेदिका फिजिओथेरपिस्ट आहे. दवाखान्यात बसत नाही, घरोघरी जाते. गुडघे बदललेल्या आज्या, पाठीनं धरलेले आजोबा, पडून माकडहाड मोडलेले कुणी. आमचं घर सहकारनगरला आणि तिचे बरेचसे पेशंट संजयनगर, गंगानगर, आर. टी. नगरकडे. म्हणजे रोज हेब्बाळचा पूल ओलांडायचा. ज्यानं तो पूल पाहिलाय त्याला मी काय सांगू? विमानतळाकडून सुटलेल्या टॅक्स्या, कारखान्यांच्या आणि टेक पार्कच्या बसगाड्या, बाजूच्या रस्त्यावरून न बघता आत घुसणारे, आणि ह्या सगळ्यांत माझी चिमणीएवढी पोरगी तिच्या इलेक्ट्रिक बाईकवर.

ही बाईक म्हणजे स्कूटरच्याच घडणीची, सीटखाली उचलून काढता येणारी बॅटरी असलेली. तिनं स्वतः पसंत केली होती. चालवायला शिकवलं मात्र बाबांनी, आमच्या लेआउटमधल्या, म्हणजे वसाहतीतल्या, रिकाम्या रस्त्यावर, सकाळच्या सकाळी. मी गॅलरीतून बघायची. ती गाडीवर आणि हे बाजूनं चालत, कधी पळत, सूचना देत. एवढ्या सूचना ऐकून मी असते तर गाडी तिथेच सोडून घरी आले असते. वेदिकानं सगळ्या ऐकल्या. तिला बाबांचं बोलणं खोटं पडलेलं कधी दिसलंच नव्हतं.

एका सकाळी पोहे खाता खाता ती सहज म्हणाली, "काल पुलाच्या चढावर गाडी मध्येच मेली. रेस देतेय, देतेय, काहीच नाही. मागून बस आली होती, पण कट मारून गेली. उतरून, बंद करून परत चालू केली तर मुकाट चालली."

रत्नाकरांनी हातातली बशी खाली ठेवली. पोहे संपले नव्हते.

"चढावर कुठे?" त्यांनी विचारलं.

"अर्ध्यावर."

"बस किती मागे होती?"

"बाबा, मी मागे वळून मोजायला नव्हते बसले."

ते उठून खाली गेले. मी पोह्यांवर झाकण ठेवलं आणि माझीही बशी बाजूला सारली. "कट मारून गेली" हे तीन शब्द पोरीनं चटणी मागावी तसे उच्चारले होते. ती बस कट न मारता सरळ आली असती तर, ह्याच्यापुढे माझं डोकं चालेचना.

ज्या छोट्या कंपनीची ती गाडी होती ती तोवर गाशा गुंडाळून गेली होती. त्यांच्या सर्व्हिस सेंटरच्या जागी आता बेण्णे दोशाचं, म्हणजे लोणी लावलेल्या डोशाचं, हॉटेल होतं. दोसा चांगला मिळायचा, गाडीचं बघणारं कुणी नव्हतं. म्हणजे जे काही करायचं ते रत्नाकरांनीच.

त्यांनी बॅटरीपासून सुरुवात केली. आम्ही दोघांनी ती धरून वर आणली. घरात नाही, गॅलरीत, फरशीवर, शेजारी वाळूची बादली. मला म्हणाले, "नुसती बसलेली बॅटरी भरलेलीच दिसते. ओझं पडल्यावर किती खाली येते ते खरं. माणसाचंही तसंच." मग मीटर चिकटपट्टीनं हँडलला बांधून ते स्वतः गाडी घेऊन पुलावर गेले. वर चढले, खाली उतरले, वळसा घालून पुन्हा चढले. मी घरी फोनकडे बघत बसलेली. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की मुलीची काळजी करताना नवऱ्याचीही वेगळी करावी लागणार आहे. ते परत आले ते चेहरा पाडून. बॅटरी उत्तम होती. गाडी एकदाही अडखळली नव्हती.

पुढच्याच आठवड्यात वेदिकाच्या हातात ती पुन्हा बंद पडली. पुन्हा पूल, पुन्हा चढ.

मग त्यांना बॅटरीच्या वायरीचा एक जोड सापडला, कडेला जरासा तपकिरी झालेला. किती आनंद झाला त्यांना. तो जोड तळहातावर घेऊन स्वयंपाकघरात आले, जणू पोराचा पडलेला दात. "हा बघ. तापत होता. चढावर जास्त करंट ओढला की हा सोडायचा." नवा जोड बसवला. त्या रात्री आम्ही दोघं शांत झोपलो. गाडी काही दिवस बरी चालली आणि मग पुन्हा थांबली. ह्या वेळी मागे ट्रक होता. ट्रकवाल्यानं ब्रेक मारला, खाली उतरून वेदिकाला चार शिव्या दिल्या, आणि मग तिचा चेहरा बघून स्वतःच गाडी ढकलत कडेला लावून दिली. हे तिनं बाबांना सांगितलं नाही, मला सांगितलं. मी रत्नाकरांना सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही.

"तू उद्यापासून गाडी नेणार नाहीस," ते तिला म्हणाले.

"यल्लव्वा अज्जींना परवाच वॉकर सोडून चालायला लावलंय. आता मी नाही गेले तर त्या पुन्हा खाटेवर. रिक्षा त्या गल्लीत येत नाहीत, बाबा."

"मग दुसरी गाडी घे. पेट्रोलची घे."

"आणि ही विकायची?"

त्यांनी गाडीची किल्ली उचलून हातात फिरवली. मग म्हणाले, "ज्या गाडीतला दोष मला सापडला नाही, ती मी दुसऱ्या कुणाच्या मुलीला विकू?"

तर अशी गाठ बसली होती. ती जायची थांबेना, ह्यांना दोष सापडेना, गाडी विकता येईना. आणि रोज सकाळी हेल्मेटचा पट्टा लागल्याचा आवाज आला की मी हातातलं काम टाकून गॅलरीत जायची. पूल उतरली की तिनं कडेला थांबून फोन करायचा असं ठरलं होतं. तो फोन येईपर्यंत रत्नाकर खुर्चीत पेपर धरून बसत. पान उलटत नसत.

आता संशय कंट्रोलरवर गेला. ही सीटखालची एक डबी. बॅटरीतून मोटरला केव्हा आणि किती वीज सोडायची हे तीच ठरवते. रत्नाकरांचा तर्क बिनचूक होता. बंद करून पुन्हा चालू केली की गाडी चालते, म्हणजे ती डबीच मध्ये गोंधळत असणार. मोटरच्या आतले सेन्सर तपासले, रेसची मूठ तपासली, ब्रेकचा स्विच तपासला. हा स्विच सगळ्या इलेक्ट्रिक गाड्यांत असतो. ब्रेक लावला की मागचा लाल दिवा लावतो आणि मोटरची वीज तोडतो, म्हणजे मोटर पुढे ओढतेय आणि ब्रेक मागे, असं भांडण होत नाही. तो दाबला की वीज तुटत होती, सोडला की येत होती. जसं असायला हवं तसंच. उरली ती डबी.

डबी आणायला आम्ही मेट्रोनं चिकपेटला गेलो. मला साड्यांना फॉल हवे होते, म्हणून मीही निघाले. खरं तर त्यांना एकट्याला सोडवत नव्हतं, ते हल्ली रस्ता ओलांडताना गाड्यांचे फक्त ब्रेक बघायचे. तिथल्या मागच्या गल्लीत शेषगिरींचं सुट्या भागांचं दुकान आहे. शेषगिरींचं घराणं शहाजीराजांच्या वेळेपासून इथलं. त्यांची मराठी ऐकायला मला फार आवडतं, आपलीच आणि तरी वेगळी.

"या अण्णा, बसा. अक्का, तुम्ही पण बसा की. स्वल्प कॉफी घेऊया, मग बघू," शेषगिरी म्हणाले. "काय करते गाडी?"

"चढावर सुटते. माझ्याकडून नाही, फक्त मुलीकडून."

"अस्सं? मग मुलगीच बदला की अण्णा."

मी हसले. रत्नाकर हसले नाहीत. म्हणाले, "मी सत्तर किलोचा, ती जेमतेम पंचेचाळीसची. ओझ्यानं बंद पडायची तर माझ्याकडून पडायला हवी. हलकं माणूस बसलं की बंद पडणारं यंत्र मी उभ्या जन्मात पाहिलं नाही."

शेषगिरींची थट्टा विरली. त्यांनी कपाटातून डबी काढून कागदात गुंडाळली. "सरी, बरं, ही घेऊन जा. नाही जमलं तर परत आणा, मी काय कुठं जात नाही. पोरीला सांभाळा हो अण्णा, तो पूल काय बरा नव्हे."

हे शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मेट्रोत रत्नाकर डबी मांडीवर घेऊन बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मी विचारलं काय म्हणताय, तर म्हणाले, काही नाही.

नवी डबी बसली आणि बिघाड वाढला. आधी कधीतरी बंद पडणारी गाडी आता आठवड्यातून दोनतीनदा बंद पडू लागली. जितकी दुरुस्ती करावी तितकी ती जास्त अडायला लागली. रत्नाकरांना आयुष्यात अशी वस्तू भेटली नव्हती. तापवून कळेना, हलवून कळेना. वेदिका आता ह्याबद्दल बोलेनाशी झाली होती. पूर्वी घरी आली की पेशंटच्या गमती सांगायची. आता यायची, हात धुवायची, मनगटं चोळत बसायची. मी एकदा तिला म्हटलं, "घाबरतेस का गं पुलावर?" तर म्हणाली, "पुलावर नाही घाबरत. पूल यायच्या आधी घाबरते."

त्या रविवारी मीच बोलले. "अहो, इतकं बघितलंत, तिला चालवताना कधी बघितलंत का? तिच्या मागे बसून जा की एकदा."

"दोन माणसांचं ओझं झालं की चाचणी बदलते."

"बदलू दे. एक माणूस गेलं म्हणजे मग कसली चाचणी?"

मी असं बोलले. बोलल्यावर जीभ चावली. पण ते चिडले नाहीत. हेल्मेट शोधायला उठले. वेदिकाला त्या दिवशीही संजयनगरला जायचंच होतं. ठरलं असं की हे तिच्या मागे बसणार आणि मी मीटर, पक्कड, स्क्रूड्रायव्हर भरलेली पिशवी घेऊन रिक्षानं त्यांच्या मागोमाग येणार. गाडी बंद पडली तर तिथल्या तिथे, थंड व्हायच्या आत, तपासायची.

रिक्षावाल्याला हा प्रकार कळेना. पुढे एक तरुण मुलगी, तिच्या मागे पांढऱ्या केसांचा माणूस, आणि त्यांचा पाठलाग करायला सांगणारी मी.

"एनम्मा, अवरन्न फॉलो माडबेका?" त्यांच्याच मागे जायचं ना, हे त्यानं पुन्हा विचारून घेतलं.

"हौदु, हो. पण मध्ये कुणाला घुसू देऊ नका," मी म्हटलं. माझं कन्नड अशा वेळी अर्धं मराठी होतं. त्यानं मान हलवली. बहुधा काहीतरी भयंकर घरगुती भानगड आहे अशी त्याची खात्री झाली.

रत्नाकर आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या तरी मागे बसले होते. पाठ ताठ, डावा हात वेदिकाच्या खांद्यावर, मान पुढे काढून तिच्या खांद्यावरून बॅटरीचा काटा बघतायत. गल्लीतून बाहेर पडलो, सर्व्हिस रोड संपला, आणि पुलाचा चढ लागला. रविवार असूनही गाड्या कमी नव्हत्या. मी पिशवी छातीशी धरून बसले होते आणि माझी नजर पोरीच्या पाठीवरून हलत नव्हती. म्हणून ते मला दिसलं. गाडीचा मागचा लाल दिवा लागला. विझला. पुन्हा लागला. माझ्या मनात आलं, चढावर ही ब्रेक का लावतेय? पुढे तर कुणी नाही. एक टॅक्सी आम्हाला घासून गेली, दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. गाडी हळू झाली, आणखी हळू झाली, आणि थांबली.

मागून मोठ्या बसचा हॉर्न. मला वाटलं संपलं. पण रिक्षावाल्यानं रिक्षा आडवी तिरकी त्यांच्या मागे घातली, हात बाहेर काढून बसवाल्याला थांबवलं, आणि बस गुरगुरत बाजूनं गेली. मी कशीबशी उतरून कठड्यापाशी गेले. दोघांनी गाडी कडेला घेतली होती. वेदिका अजून हँडल धरून उभी होती, चेहरा पांढराफटक.

"बॅटरी भरलेली आहे," रत्नाकर म्हणाले. ते सीट उघडायला निघाले होते. "कंट्रोलर गारच असणार. काही बदललेलं नाही, काहीही नाही. मी बघत होतो."

"अहो, पण ही ब्रेक का लावत होती?" मी म्हटलं. "मागचा दिवा सारखा लागत होता. शेवटी तर लागूनच राहिला."

"मी ब्रेक नाही लावला, आई," वेदिका म्हणाली. "चढावर कशाला लावेन?"

रत्नाकर सीटवरचा हात तसाच ठेवून थांबले. मग तिच्या हातांकडे बघितलं. मीही बघितलं. गाडी उभी होती, स्टँडवर होती, तरी तिच्या दोन्ही हातांची दोन दोन बोटं ब्रेकच्या दांड्यांवर होती. तिचे हात लहान, दांडा लांब. रत्नाकरांची लांब बोटं त्या दांड्यावर नुसती टेकून राहिली असती, हिची टोकानं अडकून त्याला आपल्याकडे ओढत होती. दांडा हलल्याचं दिसतही नव्हतं. मागे लाल दिवा मात्र जळत होता.

"बोटं इथे का ठेवतेस?" त्यांनी विचारलं.

वेदिका त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हीच सांगितलंत ना. काही झालं तरी ब्रेकवरची बोटं काढायची नाहीत."

पुलावरून गाड्या चालल्या होत्या, वारा होता, रिक्षावाला कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे बघत होता. रत्नाकरांनी सगळं एका क्षणात जुळवलं असणार, ते त्यांचंच काम होतं. तो स्विच बरोबर होता. बॅटरी बरोबर होती, तो तपकिरी जोड, नवी डबी, जुनी डबी, सगळं बरोबर होतं. गाडी वचकून धरली की दांडा ओढला जाऊन वीज तुटत होती. तुटली की पोरगी आणखी घाबरून आणखी घट्ट धरत होती, म्हणून ती मेलेलीच राहायची. उतरून हात सुटले की चालू. आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर हे तिला बजावत होते, "जपून जा, बोटं ब्रेकवर," आणि ती आधीपेक्षा घट्ट धरत होती. म्हणून बिघाड वाढत गेला. हे मी आता सांगतेय, तेव्हा मला फक्त त्यांचा चेहरा दिसला. तो चेहरा मी त्यांच्या आईच्या आजारपणातही पाहिला नव्हता.

"बोटं काढ, बाळा," ते म्हणाले.

तिनं काढली. चारही. लाल दिवा विझला. मग खालून एक ट्रक धडधडत आला आणि बोटं आपसूक परत गेली. तिनं स्वतःच त्यांच्याकडे बघितलं, जणू दुसऱ्या कुणाची आहेत.

"निघत नाहीत हो, बाबा," ती म्हणाली आणि तिचा आवाज फाटला. "मला नाही जमणार. तुम्ही चालवा."

मी मनात म्हटलं, हो, तुम्हीच चालवा. एकदाचा हा पूल उतरू दे. रत्नाकरांचा हात हँडलकडे गेलाही होता. त्यांनी चालवली असती तर आम्ही तिघं दहा मिनिटांत घरी असतो आणि गाडी अंगणात उभी राहिली असती, ती कायमची. हे मला कळत होतं आणि तरी मला तेच हवं होतं. मी काही थोर आई नाही.

त्यांनी हात मागे घेतला. "स्विच मागे सरकवता येईल," ते स्वतःशीच बोलावं तसं बोलले, "पण मग खरा ब्रेक लावशील तेव्हा मोटर उशिरा सुटेल. ते चालायचं नाही." मग जरा थांबून, "नाही. तूच चालव. मी मागे आहे."

ते मागे बसले. मी रिक्षात बसले. रिक्षावाल्यानं ह्या वेळी काही विचारलं नाही, रिक्षा मध्ये घालून मागची वाहतूक अडवून धरली. वेदिकानं गाडी सुरू केली. दोन हात गेली नसेल, दिवा लागला. गाडी अडखळली. मला दिसलं, तिनं मान जराशी वळवून मागे काहीतरी म्हटलं. नंतर तिनं मला सांगितलं की ती म्हणाली होती, "बाबा, आधी तुम्ही माझा खांदा सोडा. तुम्ही आवळलं की माझेही हात आवळतात."

मला तेव्हा एवढंच दिसलं की त्यांचा हात तिच्या खांद्यावरून उठला. उठला आणि हवेत राहिला, कुठे ठेवावा हे त्याला कळेना. दिवा लागलेलाच होता. मग त्यांनी तो हात खाली आणला आणि स्वतःच्या मांडीवर उपडा ठेवला. थोड्या वेळानं दिवा विझला. गाडीनं वेग घेतला, चढ संपला, आणि उतारावर ती आमच्या पुढे निघाली. बाजूनं टॅक्सी गेली, बस गेली. दिवा लागला नाही.

पूल उतरल्यावर ती कडेला थांबली. आम्ही पोचलो तेव्हा रत्नाकर गाडीवरून उतरून फूटपाथवर उभे होते. "तू पुढे जा, अज्जी वाट बघत असतील," ते तिला म्हणत होते. "येताना पुलावर काही वाटलं तर कडेला थांब. फोन करायचाच असं नाही." वेदिकानं माझ्याकडे बघून मान हलवली आणि गेली. ते ती वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहिले. टायर दाबून बघितला नव्हता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं.

रिक्षावाल्यानं तिच्या दिशेनं बोट केलं. रत्नाकर आत बसत म्हणाले, "नको. मने. घरी."

रिक्षा वळली आणि पुन्हा त्याच पुलाला लागली. मी म्हटलं, "सापडला ना दोष?" ते बाहेर कठड्याकडे बघत होते. मांडीवरचा हात त्यांनी दुसऱ्या हातानं दाबून धरला होता.

"विद्या," ते म्हणाले, "मला फार भीती वाटते गं."

इतक्या वर्षांत मी त्यांच्या तोंडून सैल जोड ऐकले, झिजलेले टायर ऐकले, उघड्या वायरी ऐकल्या. हे ऐकलं नव्हतं. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"मलाही वाटते," मी म्हटलं.